राजाला नाचवणारे तिघे

(मालवणातल्या वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेला जत्रांचा हंगाम आता संपत आला आहे. दशावताराच्या, म्हणजे जत्रांत रात्रभर चालणाऱ्या आपल्या कोकणी लोकनाट्याच्या, कंपन्या घरी परततील, पेटारे पावसाळ्यापुरते बंद होतील. 2025 साली सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’ चित्रपट आला आणि दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला दशावतारी नट बाबुली मेस्त्री मुंबई-पुण्याच्या घराघरांत पोचला. त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण आज मी बोलणार आहे ते नटांबद्दल नव्हे. रंगमंचाच्या एका बाजूला रात्रभर बसणाऱ्या तिघांबद्दल मला बोलायचं आहे: पेटीमास्तर, मृदंगवाला आणि झांजवाला. नाटकाच्या जाहिरातीत राजपार्टी, खलपार्टी, स्त्रीपार्टी ठळक छापतात आणि ‘संगीत साथ’ म्हणून या तिघांची नावं तळाला येतात. माझं म्हणणं असं आहे की दशावतार उभा राहतो तो या तळाच्या ओळीवर.

दशावताराला संहिता नसते, हे तुम्हा-आम्हाला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून त्याचं आश्चर्य वाटेनासं झालं आहे. नट रंगायला बसलेले असताना जाणता नट किंवा मालक आख्यान सांगतो, कोण कुठे येणार, कोण कुणाला मारणार ते ठरतं आणि बाकी सगळं रंगमंचावर सुचेल तसं. सामानही किती? मागे पडदा आणि पुढे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. आता विचार करा, राजा कोणतं वाक्य बोलेल हे राजालाच ठाऊक नाही, तर पेटीमास्तरांना कसं कळावं की आता पद येणार? तरीही राजाचा शेवटचा शब्द हवेत असतानाच पेटीवर सूर धरलेला असतो. तालमीशिवाय हे जमतं कसं, हाच आजचा विषय.

त्यासाठी ही माणसं कुठून येतात ते पाहिलं पाहिजे. हंगाम नसताना कुणी सुतारकाम करतो, कुणी भात लावतो, कुणी आंबा-काजूच्या बागेत राबतो, कुणी रिक्षा चालवतो. घरात शास्त्रीय गाण्याची परंपरा असलेला एखादाच. पण बहुतेक सगळे एकाच शाळेतून शिकलेले असतात आणि ती शाळा म्हणजे वाडीतलं भजन. आपल्या देवळातले ढोल, सनई, चौघडा ही वाद्यं मानाशी आणि घराण्याशी बांधलेली. बारा-पाच मानकऱ्यांच्या, म्हणजे गावातल्या मानाच्या घराण्यांच्या, व्यवस्थेत कोणी काय वाजवायचं हे पिढ्यांपूर्वीच ठरून गेलेलं. भजनात तशी सक्ती नव्हती. ज्याच्या हाताला ताल आहे तो पखवाजावर बसला. माझ्या मते कोकणातल्या साध्या घरांतल्या मुलांना संगीताचं दार भजनानंच उघडून दिलं.

हे शिक्षण कसं चालतं? गणपतीच्या दिवसांत मंडळ घरोघर फिरतं, काळ्या वाटाण्याची उसळ खातं आणि पुढच्या घरी जातं. त्या मेळ्यात दहा वर्षांचा पोरगा झांज धरून मागे बसतो. त्याला कोणी मात्रा मोजायला शिकवत नाही. नमन कधी संपतं, रूपाचा अभंग कुठे चढतो, गजर लागला की लय कशी दुप्पट होते, हे त्याच्या अंगात मुरत जातं. मग कधीतरी पखवाजवाला दमतो आणि पखवाज त्या पोराच्या पुढ्यात येतो. पुढे डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या, सामन्यात बुवा समोरच्या बुवाला ऐनवेळी सुचलेलं उत्तर देतात, तेव्हा त्या न ठरलेल्या गाण्यामागे धावण्याची सवय त्याला लागते. दशावताराला हवा असलेला वादक इथे तयार होतो.

या भजनाला मुंबईनं मोठा हातभार लावला. गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींत आपल्या चाकरमान्यांची भजनी मंडळं होती. पाळी संपवून आलेली माणसं रात्री पेटीभोवती बसत. संगीत नाटकांतली पदं त्यांच्या कानावर पडत आणि तिथल्या चाली अभंगांना लागत. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढे कितीतरी घरं कायमची गावाकडे परतली. त्या संपाचा हिशेब आपण नोकऱ्यांच्या भाषेत मांडतो आणि तो तसाच मांडला पाहिजे. पण त्या माणसांबरोबर पेट्याही गावाला आल्या, चालीही आल्या. दशावतारातल्या एखाद्या विलापाच्या पदात जुन्या नाट्यपदाची वळणं ऐकू येतात, त्यांना असा लांबचा प्रवास आहे.

आता जरा जवळ जाऊन या तिघांकडे पाहू. पेटीमास्तरांची पेटी पायपेटी असते. भाता पायानं चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे. ते लागतातच, कारण प्रत्येक नटाची पट्टी वेगळी. राजा खालच्या पट्टीत गाऊन जातो आणि लगेच स्त्रीपार्टीचा नट वरच्या पट्टीत पद उचलतो. ओमप्रकाश चव्हाण यांच्यासारखे नामांकित स्त्रीपार्टी नट पाहिलेल्यांना आठवेल, पुरुषाच्या गळ्यातून स्त्रीचा स्वर काढायचा तर त्याला पेटीचा केवढा आधार लागतो. चांगला मास्तर आदल्या संवादातच हळूच नवा षड्ज कानावर घालून ठेवतो. नट त्या सुरावर पाय ठेवून वर चढतो. प्रेक्षकांना वाटतं, काय गळा आहे! गळा असतोच, पण पायरी मास्तरांनी ठेवलेली असते.

मृदंगवाल्याचं दुखणं निराळं. बऱ्याचशा जत्रा मार्गशीर्ष-पौषात, देवळासमोर उघड्यावर, पहाटे दंव पडतं. कातडं ओलावा धरतं आणि पुडी उतरते. पेटीचा सूर मात्र आहे तिथेच. मग राजा आणि ऋषी बोलत असताना हा हातोडीनं गट्टे ठोकतो, डाव्या पुडीवरची कणीक चाचपतो, सुकली असेल तर पुन्हा लावतो आणि हे सगळं एक डोळा नटाच्या पायावर ठेवून. पायावर एवढ्यासाठी, की युद्धनृत्याची खूण तोंडातून येत नाही. नट टाच उचलतो, खांदा वळवतो आणि मृदंगावर थाप पडते. राजा मृदंगावर नाचतो असं आपण म्हणतो. बारकाईनं पाहाल तर मृदंगवाला राजाचा श्वास ऐकत असतो. राजा धापा टाकू लागला की तो आवर्तन आखूड करतो, तिहाई देतो आणि त्याला बाकड्यावर बसायला वाट करून देतो. साठी ओलांडलेले नट याच जोरावर रात्र पार पाडतात.

झांजवाला बहुधा तिघांत लहान. पेटी आणि मृदंग रापणीच्या जाळ्याच्या दोन टोकांसारखे आपापल्या बाजूनं ओढत असतात, मधला ताल झांजेवर सावरलेला असतो. मास्तर पदात रमून लय रेंगाळू लागली किंवा मृदंगवाला जोशात पुढे पळाला, की झांज आपला ठोका सोडत नाही आणि दोघांना परत यावं लागतं. वयानं धाकट्याचं हे ऐकून घ्यायचं, याला मोठं मन लागतं.

हे मन जुळतं कुठे? मला वाटतं, मुख्य आख्यानाआधीच्या पूर्वरंगात. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, संकासुर, विष्णू ही पात्रं ठरलेली, त्यांचा क्रम ठरलेला. प्रेक्षक अजून जत्रेत खाजं घेत फिरत असतात. त्या वेळात तिघं एकमेकांचा हात आजमावतात: आज मास्तरांचा कल विलंबितकडे आहे का, मृदंग किती चढवला आहे, आवाज कुठे घुमतो आहे. हल्ली वेळ वाचवण्यासाठी पूर्वरंग उरकून टाकतात, ते मला म्हणूनच खटकतं. ट्रिकसीनच्या चमत्कारांना वेळ द्यायचा आणि वादकांच्या सलगीचा वेळ कापायचा, हा सौदा तोट्याचा आहे.

या सगळ्याची खरी परीक्षा संयुक्त दशावतारात होते. निरनिराळ्या कंपन्यांचे नामवंत नट एका रात्रीपुरते एकत्र येतात. आपल्या कंपनीत मास्तर त्याच राजाला वर्षानुवर्षं ओळखतात. नेरूरचे लोकराजा सुधीर कलिंगण 2022 मध्ये गेले. वडील बाबी कलिंगण यांच्यामागून आलेला हा नट. असा नट जातो तेव्हा त्याच्या लकबी हातात मुरलेले वादकही पोरके होतात. संयुक्त प्रयोगात उलट, पुढ्यातला राजा कधी कधी वादकांना अगदी नवा असतो. पहिल्या प्रवेशात पेटी जरा मागे राहते, ऐकते. दुसऱ्या पदाला खूण सापडते आणि तिसऱ्याला वाटतं, हे वर्षभर एकत्र आहेत. अमेरिकेतले जॅझवाले अनोळखी साथीदारांबरोबर एका रात्रीत वाजवतात, कारण ठरावीक चाली सगळ्यांच्या ओळखीच्या असतात. आपल्याकडे ती सामायिक ठेव भजनानं पुरवली आहे. वेंगुर्ल्याचा मृदंगवाला आणि कणकवलीचा मास्तर पहिल्यांदा भेटले तरी गजराची लय दोघांनाही लहानपणापासून ठाऊक असते.

आज वाडीतला मुलगा बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो, ऑक्टोपॅड वाजवतो. त्याला मी नावं ठेवणार नाही, हात त्याचाही तयार आहे. पण तिथे गाणी ठरलेली असतात. समोरच्या माणसाच्या मनात काय चाललं आहे ते ओळखून वाजवण्याचा सराव त्याला कुठे मिळणार? आणि समजा मिळाला, तरी रात्रभर जागून मिळणाऱ्या बिदागीवर त्यानं हंगाम का काढावा? नटाचं मानधन ठरवताना वादकांचं शेवटी, उरलेल्या पैशांतून ठरवू नका, एवढं मी जत्रांच्या आयोजकांना कळकळीनं सांगेन.

आणि या व्याख्यानमालेच्या चालकांना एक विनंती. पुढच्या वर्षी या व्यासपीठावर एक संध्याकाळ पेटीमास्तर, मृदंगवाला आणि झांजवाला या तिघांनाच द्या. नट नको, रंग नको, पडदा नको. पूर्वरंग पूर्ण वाजवून घ्या, मध्ये थांबवून खुणा समजावून घ्या आणि पुढच्या दोन रांगा भजनातल्या पोरांसाठी राखून ठेवा.