अन्न पचविणारें अन्न



अन्नानें देह पोसतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तें पचविण्याचें सामर्थ्यहि अन्नांतूनच मिळवावें लागतें, याची जाणीव थोड्यांसच असते.

जावा बेटांतील बटाविया शहरीं, म्हणजे आजच्या जाकार्ता येथें, आइकमान नांवाचे डच वैद्य बेरीबेरी रोगाचें संशोधन करीत होते. १८८९ च्या सुमारास त्यांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडूं लागले. त्यांना इस्पितळांत उरलेला, घासून शुभ्र केलेल्या तांदळाचा भात मिळत असे. पुढें नव्या आचाऱ्यानें तो देण्याचें नाकारलें. कोंडा न काढलेला तांदूळ मिळूं लागतांच कोंबड्या बऱ्या झाल्या. कोंड्याबरोबर जें द्रव्य फेंकलें जात होतें, तें थायामीन, अर्थात् जीवनसत्त्व ब-१.

लुळेपणाच्या आधीं भूक मरते. शुभ्र तांदळावर ठेवलेलें कबूतर पुढें दाण्यांकडे पाठ फिरवितें. निलगिरींतील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं १९२० च्या सुमारास माकडांस जीवनसत्त्वांवांचूनचा आहार दिला. त्यांना अतिसार जडला. आंतड्यांच्या भिंती झिजलेल्या व पाचक ग्रंथि खंगलेल्या आढळल्या.

याचें कारण काय? पाचक रसांतील एन्झाइमांत स्वतः थायामीन नसतें. परंतु तीं घडविणाऱ्या पेशींस शक्ति लागते. ती मुख्यतः शर्करेच्या ज्वलनांतून येते, आणि या ज्वलनांतील कांहीं एन्झाइमें थायामीनच्या साहाय्यावांचून चालत नाहींत. तें साहाय्यक द्रव्य थायामीनपासूनच बनतें, हें १९३७ सालीं लोमान व शुस्टर यांनीं दाखविलें. म्हणून जीवनसत्त्व उणें झालें कीं भूक मंदावते, आणि भूक मंदावली कीं पोटांत जाणारें जीवनसत्त्व आणखी उणें होतें.

गाईम्हशींच्या पोटांतील सूक्ष्म जंतु हें द्रव्य तयार करून देतात. कोंबडीस व माणसास मात्र तें अन्नांतूनच घ्यावें लागतें.

आपल्या कोंकणांतील उकड्या तांदळाचें महत्त्व येथें कळतें. साळ तुसासकट उकडल्यानें थायामीन दाण्यांत मुरतें आणि सडतांना तितकें वायां जात नाहीं. पेज ओतून न देतां पिण्याची चालहि हितकारकच आहे.

अग्निमांद्याचीं कारणें अनेक असतात. तें टिकून राहिल्यास वैद्यास दाखवावेंच. परंतु पाचक चूर्णाची पुडी सोडण्यापूर्वीं ताटांतील भात कोणत्या तांदळाचा आहे, एवढें अवश्य पाहावें.