सूर्य आणि जिन्याखालचा मीटर



आमच्या लालबागच्या चाळीत जिन्याखाली मीटरांची फळी होती. बिल जास्त आलं की वडील मला खाली पिटाळत. घरातला दिवा, पंखा, रेडिओ सगळं बंद करायचं आणि मीटरमधली चकती थांबते का ते बघायचं. चकतीवर एक तांबडी खूण असे. ती तरीही सरकत राहिली, तर कुठेतरी वीज गळतेय. पुढे मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, पण ऊर्जेचा हिशेब शिकलो तो त्या जिन्याखाली. आज अणुसंमीलनाविषयी, म्हणजे ज्याला सगळे फ्यूजन म्हणतात त्याविषयी बोलायचं आहे. तोच मीटर समोर ठेवून बोलतो.

ऑगस्ट 1955. अणुऊर्जेच्या शांततामय वापरासाठी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद जिनिव्हात भरली. अध्यक्ष होते आपल्या मुंबईचे डॉ. होमी भाभा. त्यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू व्हायला अजून वर्ष होतं. त्या व्यासपीठावरून भाभांनी भाकीत केलं, की संमीलनाची ऊर्जा काबूत आणायची रीत येत्या दोन दशकांत सापडेल. त्याला सत्तर वर्षं उलटून गेली. भाकीत चुकलं, हे खरंच. पण त्या काळी अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांचं या विषयातलं काम गुप्त होतं, ते 1958 च्या दुसऱ्या परिषदेत उघड झालं. बंद दारांसमोर उभं राहून एवढं मोठं बोलायला धैर्य लागतं, आणि त्याबद्दल भाभांविषयी माझ्या मनात आदरच आहे.

तारापूरच्या अणुवीज केंद्रात युरेनियमचा जड अणू फोडतात. संमीलनात उलट होतं. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे दोन वजनदार भाऊ एकत्र आले की हेलियम होतो, न्यूट्रॉन सुटतो आणि ऊर्जा मिळते. ड्यूटेरियम समुद्रात आहे. गिरगाव चौपाटीवर 15 लिटरची बादली भरून घ्या, तिच्यात साधारण अर्धा ग्रॅम ड्यूटेरियम असतं. त्याला पुरेल एवढं ट्रिटियम मिळालं, सगळं इंधन कामी आलं आणि उष्णतेच्या तिसऱ्या हिश्शाची वीज झाली असं धरलं, तर सुमारे 40 हजार युनिट होतात. महिना 100 युनिट वापरणाऱ्या घराला ती तीस वर्षांहून अधिक पुरतील.

मग अडलंय कुठे? या अणूंची केंद्रकं एकमेकांना ढकलतात. ते जुळायला पृथ्वीवर 15 कोटी अंश तापमान लागतं, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. तेवढा तापलेला प्लाझ्मा कुठल्या भांड्यात ठेवणार? म्हणून चुंबकांच्या जोरावर त्याला मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीत, भिंतीला शिवू न देता, अधांतरी फिरवत ठेवतात. या यंत्राला टोकामॅक म्हणतात.

आता मीटर बघू. 5 डिसेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियात दुसऱ्या रीतीच्या, लेझरच्या प्रयोगात इंधनाच्या गोळीवर 2.05 मेगाज्यूल टाकून 3.15 मेगाज्यूल मिळाले. गोळीवर टाकलेल्या ऊर्जेपेक्षा मिळालेली जास्त, हे पहिल्यांदाच घडलं, आणि ती बातमी वाचून माझे डोळे भरून आले होते. पण 3.15 मेगाज्यूल म्हणजे एक युनिटही नव्हे. ते लेझर पेटवायला मात्र सुमारे 300 मेगाज्यूल वीज लागली, म्हणजे 83 युनिट. ब्रिटनच्या जेट टोकामॅकने 2023 च्या ऑक्टोबरात, बंद पडण्याआधी, 69 मेगाज्यूल दिले. 19 युनिट झाले, तेही केवळ 0.2 मिलिग्रॅम इंधनातून. या दोन्ही प्रयोगांचे आकडे एकत्र ठेवले की आशा कुठे आहे आणि गळती कुठे, ते दिसतं.

फ्रान्समध्ये ‘इटर’ हे अनेक देशांचं मिळून टोकामॅक यंत्र उभं राहतंय. 2005 च्या डिसेंबरात भारत त्यात सामील झाला, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. अनिल काकोडकर, माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात आणि व्हीजेटीआयमध्ये शिकलेले. इटरला वेढणारं सुमारे 3,850 टनांचं, जवळजवळ 30 मीटर उंच पोलादी कवच भारताने दिलं. बॅलार्ड इस्टेटमध्ये मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याच्या कारखान्यात त्याचे तुकडे घडवले आणि जहाजाने पाठवले. आत उणे 269 अंशांवर ठेवलेले चुंबक आणि त्यांच्यापासून काही मीटरवर 15 कोटी अंश. ही थंडी सांभाळायचं काम त्या कवचाचं आहे.

माझी खरी चिंता दुसरीच आहे. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नाहीच आणि साधारण 12 वर्षांत निम्मं विरून जातं; ते यंत्रातच लिथियमपासून तयार करावं लागेल. ऊर्जेचा चार पंचमांश हिस्सा न्यूट्रॉन घेऊन जातात आणि भिंतीवर आदळतात. वर्षानुवर्षं तो मार सोसणारा धातू अजून सिद्ध व्हायचा आहे. पैसा आणि तरुण डोकी इथे लागायला हवीत.

मोठ्या स्वप्नांना वेळ लागतो, हे मुंबईला नवं नाही. परळच्या गिरण्या एकेकाळी कोळशाच्या वाफेवर चालत. सह्याद्रीचा पाऊस अडवून वीज करायचं स्वप्न जमशेटजी टाटांनी पाहिलं. ते 1904 साली गेले, आणि खोपोलीची वीज गिरण्यांना मिळाली 1915 साली. आज त्या गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत. त्यांच्या गच्चीवर कितीही सौर तावदानं लावली तरी चाळीस मजल्यांची भूक भागणार नाही, आणि जुलैत तर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. अशा दाटीच्या शहराला थोड्या जागेत, धुराशिवाय, रात्रंदिवस मिळणारी वीज हवीच. मात्र ती पुढच्या दहा-पंधरा वर्षांत संमीलनातून येईल असं मी कुणाला सांगणार नाही. तोवर सूर्य, वारा, पाणी आणि तारापूर यांचाच आधार.

इटरचं सुधारित वेळापत्रक म्हणतं, ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग 2039 साली. 50 मेगावॅट उष्णता आत घालून 500 बाहेर काढायची, हे उद्दिष्ट. वीज नाही, नुसती उष्णता, आणि यंत्राचा स्वतःचा खर्च त्यात धरलेलाच नाही. तोही धरून मीटर उलटा फिरला का, हे त्यानंतरच्या यंत्रात कळेल. 2039 ला मी ऐंशीच्या पुढे असेन. तरी तो पहिला आकडा मला वाचायचा आहे.