ओट्सची वाटी आणि काटा

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)

बाप्पासमोर मोदक सोडून ओट्सवर बोलायचं म्हणजे अरसिकपणाच. पण आपल्या बऱ्याच घरांत मधुमेह आहे, आणि पोह्यांच्या जागी ओट्स आले आहेत. "ओट्स कितीही खा, साखर वाढत नाही" हा समज मोंडा मार्केटपासून मारेडपल्लीपर्यंत ऐकू येतो. तो धोक्याचा आहे.

साध्या चपट्या ओट्सच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 67 ग्रॅम कर्बोदकं असतात. ज्वारीतही जवळपास तेवढीच. फायदा आहे तो तंतूंचा. त्यातला बीटा-ग्लुकान हा चिकट तंतू साखर रक्तात सावकाश उतरू देतो. सावकाश, पण उतरतेच. अन्नातले घटक मोजणारी राष्ट्रीय पोषण संस्था 1958 साली कुन्नूरहून आली ती आपल्या तारनाक्याला. आणि आपण शेजारी राहून अजून 'एक वाटी'वरच आहोत!

आमच्या घरी आईला इन्सुलिन आहे. डोस न्याहारीवर बेतलेला. जास्त खाल्लं तर साखर चढते; कमी खाल्लं तर अकराच्या सुमारास हात थरथरतात, घाम फुटतो. या वयात तो घामच जास्त भीतीचा. म्हणून आम्ही काटा आणला. आमची वाटी सपाट भरली तर पन्नासेक ग्रॅम ओट्स, शिगोशीग भरली तर सत्तर. वाटी तीच, फरक तेरा ग्रॅम कर्बोदकांचा, म्हणजे जवळजवळ एका लहान फुलक्याचा.

तेव्हा ओट्स कोरडेच तोलावेत. शिजल्यावर पाणी किती राहिलं यावर वजन बदलतं. 40 ग्रॅमला 200 मिली पाणी, मंद आच, पाच-सात मिनिटं. यात कर्बोदकं सुमारे 27 ग्रॅम.

तिघांचं एकत्र शिजवायचं असेल तर? रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवायचं. (मोजमाप वहीत नोंदवण्याची आमची सरकारी सवय इथे कामी आली.) 120 ग्रॅम ओट्स शिजून पातेल्याचं वजन वजा जाता 660 ग्रॅम भरले, तर 40 ग्रॅमचा वाटा 220 चा. कुणाला 30 ग्रॅमच सांगितले असतील, तर त्यांच्या ताटलीत 165. नजरेनं वाढायचं नाही, मग वहिनींना राग आला तरी चालेल.

कांदा, टोमॅटो, कोबी, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी घालून उपम्यासारखं केलं की सासरेबुवाही खातात. तयार मसाला पाकिटातले ओट्स बारीक असतात, लवकर पचतात. पाकिटामागचे आकडे वाचल्याशिवाय घेऊ नयेत. दुधात शिजवलं तर 200 मिलीमागे दहा ग्रॅम कर्बोदकं धरावीत. वर केळं कापलं तर आणखी पंचवीसेक, आणि मधाला आपण साखर म्हणत नाही, शरीर म्हणतं.

मोदकाचं काय, असं मघाशी एका काकांनी विचारलं. दहा ग्रॅम गुळात साडेआठ ग्रॅमच्या वर कर्बोदकं, शिवाय उकडीचं पीठ. मोदक खायचा असेल तर त्या वेळचा भात किंवा पोळी तेवढी कमी करावी. इन्सुलिनवाल्यांनी मात्र हा हिशोब आपल्या डॉक्टरांना आधी दाखवावा. आमचा काटा दहाही दिवस मंडळाच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी ठेवला आहे.