काळे नर गेले कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं अभयारण्य आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. काळविटांसाठी १९८० मध्ये राखलेलं हे माळरान जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. हरणांना कसली आलीय हद्द? ती आसपासच्या ज्वारी-हरभऱ्यात सहज उतरतात.

मी शाळामास्तर. एका हिवाळ्यात पोरांची सहल तिथे नेली होती. पाठीवर काळेभोर, पोटाखाली पांढरेशुभ्र, पीळदार शिंगांचे नर पाहून पोरं हरखली. एका कळपात तसे तीन होते, मी वहीत टिपूनही ठेवले. मे महिन्यात एकटाच गेलो, तर काळा नर एकही नाही. नुसती तपकिरी हरणं. माझ्या मनात एकच आलं, शिकार! आणि जवळच्या वस्तीवरच्या एका माणसाचं नाव चहाच्या टपरीवर चारचौघांत घेऊन मी मोकळा झालो. पुरावा काहीही नव्हता.

बाकड्यावर एक म्हातारे मेंढपाळ बसले होते. म्हणाले, ''गुर्जी, रंग काय बघताय? शिंगं बघा की.''

परत फिरलो, दुर्बीण लावली. त्या तपकिरी कळपात तीन शिंगवाले उभे होते.

मग वाचायला घेतलं. काळविटाची मादी जन्मभर पिवळसर तपकिरी राहते, नरही लहानपणी तसाच असतो. वयाबरोबर त्याची पाठ गडद होत जाते. पण तो रंगही बारमाही नसतो. पावसाळा सरल्यावर तो खुलतो आणि उन्हाळ्यात विटून तपकिरी पडतो. सगळ्यांचा सारखा विटत नाही. कळपातला वरचढ नर अधिक काळा दिसतो.

अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीणही रंग बदलतं. उन्हाळ्यात तांबूस, विरळ केसांचं. हिवाळ्यात करडं, दाट केसांचं. दिवस लहान होऊ लागला की त्याच्या अंगाला थंडीची चाहूल लागते. आपल्या काळविटाला बर्फाची भीती कुठली? त्याचा काळा अंगरखा माद्यांसमोर आणि दुसऱ्या नरांसमोर मिरवायचा. आणखी एक फरक म्हणजे हरणाची शिंगं दरवर्षी गळतात. काळवीट कुरंग जातीचा, त्याची शिंगं जन्मभराची. म्हणून तर त्या बाबांची खूण मे महिन्यातही चुकत नाही. चितळाच्या बाबतीत ती चुकू शकली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वस्तीवर गेलो. तो माणूस शेळ्या सोडत होता. मी काय बोललो होतो ते त्याच्या कानावर आधीच आलेलं होतं. माफी मागितली. त्यानं ऐकून घेतलं, तांब्याभर पाणी दिलं, बस म्हणाला नाही.

नंतर टपरीवर चार-पाच खेपा घातल्या. त्या दिवशीच्या चौघांपैकी मला दोघेच भेटले.