पोट न उघडता महारोहिणीपर्यंत



झाशीत १९६८ साली महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. बुंदेलखंडातील खेडोपाडीचे रुग्ण तेथे येतात. अशा रुग्णांत आयुष्यभर विडी ओढलेला, साठी उलटलेला एखादा पुरुष असतो. तक्रार पाठदुखीची असते आणि सोनोग्राफीत पोटातील महारोहिणी फुगलेली आढळते. ही रक्तवाहिनी एरवी सुमारे २ सेंटिमीटर रुंद असते. पुरुषांत ती ५.५ सेंटिमीटरपर्यंत फुगली की शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. कारण ती फुटल्यास बहुतेक रुग्ण दगावतात. ग्वाल्हेर झाशीहून सुमारे १०० किलोमीटर. फुटलेली महारोहिणी तेवढी उसंत देतेच असे नाही.

आइन्स्टाइन यांना हाच विकार होता. १९४८ साली रूडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या महारोहिणीभोवती सेलोफेन गुंडाळले, कारण याहून चांगला उपाय तेव्हा हाती नव्हता. १९५५ साली ती फुटली व त्यांचा अंत झाला. मधल्या काळात, १९५१ साली, पॅरिसमध्ये शार्ल द्युबो यांनी रोगट भाग काढून मृत दात्याची रोहिणी तेथे जोडली होती. पुढे कृत्रिम धाग्यांच्या विणलेल्या नळ्या आल्या. वाहिनीची भिंत न चिरडता तिला घट्ट धरणारा, बारीक समांतर दातांचा डेबेकी यांचा चिमटाही आला.

या शस्त्रक्रियेत पोट उभे चिरले जाते. ती जखम रुग्णाला फार दिवस जाचते हे खरे. पण रक्त उसळले तर शल्यविशारदाला बोटाने वाहिनी दाबून धरता येते.

मुंबईत १९९० साली डॉ. तेहेम्तन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. पित्ताशय काढून टाकायचे असते. महारोहिणी मात्र शिवायची असते, आणि तीही पायांचा रक्तपुरवठा थांबवून. कॅनडात इव्ह-मारी दियाँ यांनी १९९३ साली दुर्बिणीच्या साहाय्याने हे काम आरंभिले. येथे हाताची जागा लांब दांड्याची उपकरणे घेतात. हात उजवीकडे वळला की टोक डावीकडे जाते. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवलेले असते. साचलेले रक्त जोराने शोषून घेतले तर वायूही निघून जातो, पोकळी मिटते आणि ऐन संकटात काही दिसेनासे होते. महारोहिणीचा चिमटा वेगळ्या छिद्रातून आत घालतात, म्हणजे सुईधारकाच्या वाटेत तो येत नाही. आतल्या आत गाठ मारणे सर्वांत जिकिरीचे. म्हणून काही शल्यविशारद धाग्याच्या टोकाला आधीच छोटी गादी अडकवून ठेवतात. तरीही चिमटा उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक वेळ लावून ठेवावा लागतो, आणि त्या प्रत्येक मिनिटाचा भार हृदयावर व पायांवर पडतो.

दरम्यान ब्वेनोस आयरेसमध्ये हुआन पारोदी यांनी १९९० साली जांघेतील रोहिणीतून कापडी नळी आत सरकवण्याची वाट दाखवली. हीच पद्धत पुढे अधिक रूढ झाली. दुर्बिणीची वाट थोड्याच हातांत राहिली, आणि तिची अवघड शिवण पाहता त्यात नवल नाही.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया चालू असतानाही उघड्या शस्त्रक्रियेचा मोठा चिमटा निर्जंतुक करून शेजारच्या मेजावर ठेवलेला असतो. रक्त आवरले नाही तर पोट उघडावेच लागते, आणि तेव्हा तो चालवणारा हात तेथे असावा लागतो.