पोराला कशाला घालायचे?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाची चर्चा संपली की कोणीतरी हळूच जवळ येऊन विचारतो, "साहेब, पोरगं बारावी झालं. कशाला घालू, म्हणजे नोकरी लागंल?" आज याचे उत्तर सगळ्यांसमोर देतो.

नोकरी नुसत्या पदवीला लागत नाही. जिथे धंदा उभा आहे, तिथे लागते. मी स्वतः शेतकीचा पदवीधर. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, पदवी कुठलीही घ्या, अभ्यास जवळपास तोच. पण कोल्हापूर-सांगलीकडे साखर कारखान्याला शेतकी विभाग असतो, केमिस्ट लागतो, बॉयलरवर माणूस लागतो. नाशिकच्या द्राक्षाला पॅकहाऊस आणि शीतगृह लागते. जालन्यात बियाणे कंपन्या आहेत, तिथे बीजोत्पादन शिकलेल्याला विचारतात.

आपल्याकडे काय? एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. जिनिंग हंगामापुरते चालते. गाठी बांधल्या की बराचसा माल गुजरातेत आणि तामिळनाडूत जातो. सूत तिकडे, कापड तिकडे, म्हणून फिटर आणि सुपरवायझरच्या नोकऱ्याही तिकडेच. ज्वारी घरी खाल्ली, कडबा जनावराला घातला, संपले. तिच्यामागे कारखाना नाही.

डी.एड.चे विसरू नका. एके काळी डी.एड. म्हणजे पक्की नोकरी. जिकडे तिकडे विद्यालये निघाली, लोकांनी वावर विकून डोनेशन भरले. २०१२ मध्ये राज्याने शिक्षकभरती थांबवली. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली ती २०१७ च्या डिसेंबरात. तोवर कित्येकांचे वय निघून गेले. पोरे हुशार होती, पण सगळे एकाच दारावर जाऊन उभे राहिलो.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक, गेल्या दोन वर्षांत इथून शिकून निघालेली पोरे आज कुठे कामाला आहेत? नाव-गाव मागा आणि त्यांना स्वतः भेटा. दोन, ते काम आपल्या जिल्ह्यात आहे की चाकण-वाळूजला? तिथे खोलीभाडे आणि खानावळ जाऊन हाती किती उरते? तीन, नोकरी नाहीच लागली तर हातात कोणते काम राहते? आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा डिझेल मेकॅनिक झालेल्याला गावातल्या मोटारी आणि ट्रॅक्टर तरी आहेत. जिनिंगचे काम शिकायचे असेल तर नागपूरला सिरकॉटचे प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे चौकशी करा. मुलीच्या शिक्षणालाही हेच तीन प्रश्न लावा. लग्नाचा खर्च डोक्यात ठेवून तिचे शिक्षण ठरवू नका.

ही झाली घरापुरती वाट. खरा इलाज भावात आहे. कापसात चार पैसे उरले तर सूत आणि तेल काढणारे कारखाने इथे उभे राहतील, आणि नोकऱ्याही इथेच निघतील. तोवर एक गोष्ट पक्की धरा. शिकवा, जरूर शिकवा, पण नोकरीच्या नुसत्या आश्वासनावर वावर विकू नका. गेलेले वावर परत येत नाही.