जुनी डिझेल गाडी आणि लांबचा प्रवास

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्यासपीठावरून एरवी संतसाहित्य, नाट्यसंगीत, होळकरांचा इतिहास अशा विषयांवर बोलले जाते. आज गाडीच्या बॉनेटखाली डोकावायचे आहे. कार्यवाहांनी हा विषय मला दिला, त्याचे कारण सरळ आहे. आपण इंदुरात पिढ्यान् पिढ्या राहतो, पण कोणाचे कुलदैवत जेजुरीला, कोणाचे अंबाजोगाईला, मुली दिल्या नाशिक-पुण्याला. वर्षातून दोनदा तरी खलघाट, सेंधवा, शिरपूर, धुळे हा रस्ता चुकत नाही. आणि पुष्कळ घरांतून अजून ती जुनी डिझेल गाडी आहे. विकायला मन होत नाही, आणि चालतेही छान.

मी काही मिस्त्री नाही. एकच डिझेल गाडी १७ वर्षे चालवली, आणि जे शिकलो ते बहुतेक रस्त्याच्या कडेला उभे राहून शिकलो. त्यातला एक धडा मी स्वतःच्या चुकीने घेतला. तो शेवटी सांगतो, कारण तो समजायला आधी थोडी ओळख हवी.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. हवा सुमारे विसाव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबली जाते, त्या दाबाने ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. विहिरीवरचे इंजिन हँडल मारून चालू होई ते याच तत्त्वावर. म्हणजे या इंजिनाला चालत राहायला तीन गोष्टी लागतात: स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा आणि थंड राहायला पाणी. वंगणाला तेल तर सगळ्यांनाच लागते. वीज लागते ती मुख्यतः सुरू करायला. जुनी गाडी रस्त्यात थांबली की याच यादीतले काहीतरी कमी पडलेले असते.

पहिला प्रकार, गाडी चढावर दम सोडते, मग हिसके देते आणि बंद पडते. सेल्फ नीट फिरतो, पण इंजिन पकडत नाही. शंभरातल्या बऱ्याच वेळा हे डिझेल न पोचल्याचे लक्षण असते. फिल्टर चोंदलेला असतो, त्यात पाणी साठलेले असते, नाहीतर एखाद्या जुन्या रबरी नळीतून लाइनने हवा धरलेली असते. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली तरी हेच होते. नुसते डिझेल ओतून भागत नाही, आत शिरलेली हवा काढावी लागते. फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो. तो सैल करून कपभर डिझेल भांड्यात घ्या. खाली पाणी दिसले तर कारण सापडले. मग वरचा हवेचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नुसती डिझेलची धार. धार आली की पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळायचा. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांच्या वर मारू नये, मध्ये विश्रांती द्यावी. नाहीतर डिझेल येईपर्यंत बॅटरी बसते.

एक इशारा लक्षात ठेवा. पंपापासून नोजलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांत प्रचंड दाब असतो. इंजिन चालू असताना तिथली गळती बोटाने चाचपू नका. तो फवारा कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. असे झाले तर दुखत नसले तरी लगेच हॉस्पिटल गाठायचे.

दुसरा प्रकार म्हणजे तापणे. मे महिन्यात परतीच्या वाटेवर खलघाट सोडला की निमाडातून माळव्याच्या पठारावर चढताना गणपती घाटात कित्येक गाड्या बॉनेट उघडून उभ्या दिसतात. काटा वर सरकू लागला की आधी एसी बंद करा, आत गरम हवा येणारा हीटर पूर्ण सोडा. घामाघूम व्हाल, पण इंजिनाची तेवढी उष्णता बाहेर येते. तरी काटा चढतच राहिला तर सुरक्षित जागा पाहून थांबा. 'पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ' हे वाक्य फार महाग पडते. त्या दोन किलोमीटरांत हेड गॅस्केट जाते, आणि मग हेड उतरवून घासून घ्यावे लागते.

थांबल्यावर रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका. पाणी दाबाखाली असते, ते उसळून तोंडावर येते. चांगला पाऊण तास जाऊ द्या, मग जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका, हेडला तडा जातो. रबरी होज टोकाला फाटला असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा बसवता येतो. मध्ये फाटला असेल तर कोरडा करून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळायची, झाकण पूर्ण न आवळता दाब कमी ठेवायचा आणि पाणी घालत घालत जवळच्या गावापर्यंत हळू जायचे. हा इलाज गावापर्यंतचाच, नाशिकपर्यंतचा नाही.

धुराकडेही बघत जा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, बहुधा एअर फिल्टर धुळीने भरलेला. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. प्रवास होईल, पण तेल पुन्हा पुन्हा तपासायला हवे. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे. तिथे प्रवास संपला असे समजावे.

आता डॅशबोर्डवरच्या दिव्यांकडे येतो, आणि माझ्या चुकीकडे. तेलाचा दिवा लागला तर वाद नाही, सावरून बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, हे मला ठाऊक होते. बॅटरीच्या लाल दिव्याबद्दल मात्र माझे एक मत होते. डिझेलला चालायला वीज लागत नाही, मग चार्जिंग बंद पडले तर बिघडले कुठे? दिवसा हेडलाइट न लावता निवांत पोचू. अर्धवट ज्ञान ते असे.

२००९ चा मे महिना. नाशिकला भाचीचे लग्न होते. गाडीत मी, पत्नी, मुलगी आणि ७८ वर्षांची आई. सेंधवा सोडले आणि बिजासन घाट सुरू व्हायच्या आधी तो दिवा लागला. मागून आईने विचारले, "तो लाल दिवा कसला रे?" मी म्हटले, "काही नाही गं आई, बॅटरीचा आहे. नाशिकला बघू." तापमानाचा काटा जागेवर होता, इंजिन गुळगुळीत चालत होते. मग उतार सुरू झाला. पहिले दोन-तीन ब्रेक नेहमीसारखे लागले. चौथ्या वेळी पाय दाबला तर पेडल दगडासारखे. पुढे वळण, वळणावर ट्रक.

झाले होते ते असे. फॅनबेल्ट तुटला होता. तो एकच पट्टा अल्टरनेटर फिरवतो, म्हणून दिवा लागला. तोच वॉटरपंप फिरवतो, पण उतारावर इंजिनावर ताण नसल्याने काटा लगेच चढला नाही. आणि तिसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. पेट्रोल इंजिनात ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी इंजिनाच्या ओढीतून आपोआप मिळते, डिझेलला ती मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच पाठीला जोडलेला असतो. पट्टा तुटला की पंप थांबतो. साठलेल्या पोकळीवर दोन-तीन ब्रेक लागतात, आणि नेमक्या घाटात मदत संपते.

त्या क्षणी सुचले ते केले. तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, इंजिनाने गाडी ओढून धरली. दोन्ही पायांचा जोर ब्रेकवर टाकला. ब्रेक गेलेला नव्हता, त्याची मदत गेली होती. चौपट जोर दिल्यावर तो लागला. हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला गाडी टेकवली. गाडीत कोणी बोलले नाही. आईचा हात पुढच्या सीटच्या पाठीवर घट्ट रोवलेला होता, तो मी आरशात पाहिला.

एक प्रवासी जीप थांबली. चालक विशीतला मुलगा. बॉनेट उघडल्याबरोबर म्हणाला, "बाबूजी, पट्टा टूटा है। बत्ती नहीं जली थी क्या?" मी काय उत्तर देणार? मागच्या वेळी बदललेला जुना, पण धड पट्टा माझ्या डिकीत होता. पाना मात्र नव्हता, नुसता चाकाचा. त्याने आपला काढला, अल्टरनेटरचे बोल्ट सैल केले, पट्टा चढवला, दांडीने ताण देऊन बोल्ट आवळले. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण अर्धा इंच दबला पाहिजे, हे त्यानेच मला दाखवले. वीस-पंचवीस मिनिटांत काम झाले. पैसे घेईना, तेव्हा आईने लाडवांचा अख्खा डबा त्याच्या हातात दिला. आमचे सीमांतपूजन चुकले, लग्न मिळाले.

तेव्हापासून माझा नियम असा: लाल दिवा लागला की आधी थांबायचे, बॉनेट उघडून पट्टा बघायचा, मग मत बनवायचे. पट्टा शाबूत असेल आणि ब्रेक मऊ लागत असेल, तर दिवसाउजेडी विजेची उधळपट्टी न करता पुढच्या गावापर्यंत जाता येते. पट्टा नसेल तर एक फर्लांगही नाही. बंद पडलेली गाडी आपला वेळ खाते. बिघाड कळूनही पुढे नेलेली गाडी माणसे खाते.

म्हणून निघण्याआधी आठ दिवस गाडी मिस्त्रीला दाखवा. आदल्या दिवशी नको, कारण नवे बसवलेले काही सैल राहिले तर ते गावातच कळायला हवे. पट्टा, होज, क्लिपा, डिझेल फिल्टर, बॅटरीची टर्मिनल्स आणि ब्रेक ऑइल बघून घ्या. डिकीत एक पट्टा, एक डिझेल फिल्टर, होजच्या दोन-तीन क्लिपा, पान्यांचा संच, पक्कड, पेचकस, फ्यूज, टॉर्च, पाच लिटर पाणी, लिटरभर इंजिन ऑइल, ट्यूबची पट्टी आणि हवा भरलेली स्टेपनी. घरी एकदा पट्टा स्वतः बदलून बघा. आपल्या गाडीला किती नंबरचा पाना लागतो हे घाटात शोधू नये.

गाडी थांबली की पहिले काम दुरुस्ती नव्हे. चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण मागे चांगला दूर ठेवा, आणि मंडळींना उतरवून रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभे करा. म्हातारी माणसे "आम्ही आतच बसतो" म्हणतात, त्यांचे ऐकू नका. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठल्याही संकटात ११२, हे दोन नंबर मुलांनाही पाठ असू द्या.

आई आता नाही. पण पुढे कित्येक वर्षे, गाडीत बसली की ती आधी मान पुढे काढून डॅशबोर्ड बघायची आणि विचारायची, "दिवे सगळे विझले ना रे?" किल्ली फिरवल्यावर सगळे दिवे लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतात, हे तिने तेवढ्या प्रवासात टिपून ठेवले होते. तुम्हीही निघताना एवढे बघा. दिवे विझले की मगच म्हणा, गणपती बाप्पा मोरया!